घोड्याची फर्टिलिटी टेस्ट, पुणे: बेसिक तपासणी एक नंबर, प्रोटीनवालं पॅकेज विचार करून घ्या

सुरुवातीलाच सांगतो, हा रिव्ह्यू फक्त घोडेवाल्यांच्या कामाचा आहे. ज्यांच्याकडे मारवाडी, काठेवाडी, नुकरा असा ब्रीडिंगचा घोडा आहे आणि फळवलेल्या घोड्या परत परत उलटतायत (गाभण न राहता पुन्हा माजावर येतायत) त्यांनी नीट वाचा, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचलं तरी चालेल. सोलापूर रोडला लोणी काळभोरच्या पुढे घोड्यांच्या ब्रीडिंगचं एक सेंटर आहे, तिथे आम्ही आमच्या घोड्याची सगळी तपासणी करून घेतली, बेसिक पण आणि त्यांचं ते महागडं 'प्रोटीन प्रोफाइल' (रेतातल्या प्रोटीनची तपासणी) पण. नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रार पण आहे. रेटिंग हवं असेल तर बेसिकला ५ पैकी साडेचार, प्रोटीनला अडीच.

घोडा आमचा मारवाडी, अबलख, उंची चांगली, कानाला कान जुळतो, चाल बघायला लोक थांबतात. सारंगखेड्याला नेला की दत्तजयंतीच्या गर्दीत पण लोक मोबाईल काढतात. पण मागच्या सीझनला ज्या घोड्या आल्या त्यातल्या बहुतेक एकवीस-बावीस दिवसांनी पुन्हा माजावर. प्रत्येकाचं वेगळं निदान, कोणी म्हणतं खुराक गरम पडतोय, कोणी म्हणतं नजर लागली, आणि घोडा आमचा असल्यामुळे आम्ही अर्थातच म्हणत होतो की घोडीतच दोष असणार. शेवटी चुलतभाऊ वैतागला, म्हणाला घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते एकदा तपासून तरी बघू, उगाच गिऱ्हाईकाशी भांडण नको.

एक गोष्ट आधी समजून घ्या कारण आपल्याकडे यात लय गैरसमज आहे. उरुळी कांचनला १९६७ पासून बाएफ (जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करणारी संस्था) आहे, त्यामुळे हवेली-दौंडच्या शेतकऱ्याला गाईला कांडी भरणं, म्हणजे गोठवलेलं रेत नळीने सोडणं, काही विशेष नाही, आणि लोकांना वाटतं घोड्याचं पण तसंच असेल, भरली कांडी झालं काम. तसं नसतं. वळू हा रेतासाठीच निवडलेला असतो, ज्याचं रेत गोठवल्यावर टिकत नाही तो सेंटरमधून बाद. घोडा आपण कशावर निवडतो? रंग, कान, उंची, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), आईबाप, नाहीतर रेसमध्ये पळाला म्हणून. फर्टिलिटी कोणी बघतच नाही, पिढ्यानपिढ्या बघितलेली नाही, त्यामुळे घोड्याघोड्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गाईच्या कांडीत २ कोटी शुक्राणू असले तरी भागतं, घोडीला ताज्या रेताचा एक डोस ५० कोटींचा धरतात आणि ते पण सरळ पळणारे. आणि एवढं सगळं बरोबर असून चांगल्या घोड्याची घोडी एका माजाला धरायचं प्रमाण साधारण ५० ते ६० टक्केच असतं. म्हणजे एक घोडी एकदा उलटली म्हणून लगेच घोड्याला शिव्या घालू नका.

आता सेंटर. गेल्या गेल्या डॉक्टर मॅडमनी घोड्याला हात पण लावला नाही, आधी वही काढली. शेवटचं कधी फळवलं, मागच्या दोन महिन्यांत ताप आला होता का, कुठलं इंजेक्शन दिलंय का. ताप का तर घोड्यात शुक्राणू तयार व्हायला साधारण ५७ दिवस लागतात आणि वर नळीतून पुढे यायला आठवडाभर, त्यामुळे आजच्या तापाचा हिशोब दोन महिने चुकता होत राहतो. आणि इंजेक्शन म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. बाजारात घोडा भरलेला, मस्तीत दिसावा म्हणून जे टोचतात ना, त्याने उलटं होतं, बाहेरून हार्मोन आलं की मेंदू आतला पुरवठा बंद करतो, अंड आक्रसतात आणि शुक्राणू घटतात. मॅडम स्पष्ट म्हणाल्या, खरं सांगा, मी पोलीस नाहीये. आम्ही काही दिलेलं नव्हतं पण बाहेर थांबलेल्या एकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग मोजमाप. अंडकोषाची रुंदी कॅलिपरने घेतली, दोन्ही मिळून ८ सेंटीमीटरच्या खाली असेल तर तिथेच शंका येते, आमचा व्यवस्थित निघाला. मग धुणं. आमच्या मामांनी, म्हणजे घोडा सांभाळणारे आमचे जुने मोतद्दार, सवयीने साबण काढला तर मॅडमनी लगेच थांबवलं, फक्त कोमट पाणी. साबणाने आणि डेटॉलने तिथले रोजचे निरुपद्रवी जंतू मरतात आणि त्यांची जागा वाईट जंतू घेतात, ते मग घोडीच्या गर्भाशयात जातात. मामांना पटलं नाही, घरी आल्यावर पण दोन दिवस कुरकुर चालू होती.

सॅम्पल घ्यायची सोय चांगली आहे. डमी पक्की, खाली रबरी मॅट, समोर माजावरची शांत घोडी उभी करतात, एव्हीमध्ये (रेत गोळा करायची कृत्रिम योनी, सगळे तिथे एव्हीच म्हणतात) गरम पाणी भरून थर्मामीटर लावून ४५ ते ४८ डिग्रीला आणतात. आमच्या घोड्याने डमी कधी बघितली नव्हती तरी फार वेळ घेतला नाही. शेपूट वरखाली झाली, मामा म्हणाले झालं काम. बाटली बघितली तर आत पाण्यासारखं. स्क्रीनवर टाकलं (मायक्रोस्कोपला टीव्ही जोडलाय, मालकाला पण दिसतं, हे मला आवडलं) तर शोधून शोधून एखादा शुक्राणू. तासाभराने दुसरं सॅम्पल, तेच. चुलतभावाने तिथेच मनात घोड्याची किंमत पाडून टाकली असणार.

आणि इथे मी या सेंटरला साडेचार का दिले ते येतं. दुसऱ्या एखाद्याने 'अझूस्पर्मिया (रेतात शुक्राणूच नाहीत), घोडा वांझ' लिहून पैसे घेतले असते. मॅडम म्हणाल्या थांबा, एएलपी बघू. एएलपी म्हणजे आपल्याच लिव्हरच्या रिपोर्टमध्ये असतं ते अल्कलाइन फॉस्फटेज, एक एन्झाइम, म्हणजे शेवटी प्रोटीनच. घोड्यात रेतातलं हे एन्झाइम अंड आणि त्याच्या मागच्या गुंडाळलेल्या नळीतून येतं. आता लॉजिक बघा किती साधं आहे. बाटलीत शुक्राणू नाहीत पण एएलपी हजाराच्या वर आहे तर माल कारखान्यातून निघून इथपर्यंत पोचतोय पण त्यात शुक्राणूच नाहीत, म्हणजे कारखाना बंद. आणि एएलपी शंभराच्या खाली असेल तर अंडाकडचा माल बाहेर आलाच नाही, एकतर घोड्याचं रेत पूर्ण सुटलंच नाही नाहीतर वाट तुंबलीये. आमचं शंभराच्या खूप खाली आलं. टेस्ट कुठली, तर रक्त तपासणीच्या साध्या मशीनवर होणारी, खर्च म्हणाल तर घोड्याच्या एका दिवसाच्या खुराकाएवढा.

मग मागून सोनोग्राफी केली, त्यात दोन्हीकडच्या नळ्यांचा शेवटचा जाड भाग, ज्याला अँप्युला म्हणतात, तो फुगलेला दिसला. बरेच दिवस घोडा उभा राहिला की काही घोड्यांत जुने शुक्राणू तिथे साचतात आणि बूच बसतं. आतून हाताने मसाज, ऑक्सिटोसिन (नळी आवळून माल पुढे ढकलणारं हार्मोन) आणि मग रोज सॅम्पल घेणं, एवढीच ट्रीटमेंट. पहिल्या वेळी काही नाही, मग एकदा दह्याच्या गुठळ्यांसारखं बाहेर आलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर डोकी वेगळी शेपट्या वेगळ्या, सगळा मेलेला साठा. पुढे हळूहळू साफ होत गेलं, एएलपी हजारांत गेलं आणि नंतर आरामाला सोडून पुन्हा जी पक्की तपासणी केली त्यात तासाच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या सॅम्पलमध्ये नीट पळणारे आणि धड बनावटीचे शुक्राणू १०० कोटींच्या वर. हाच पास व्हायचा आकडा आहे, जगभर वापरतात. आणि दुसऱ्यात शुक्राणू पहिल्याच्या साधारण निम्मे यायला पाहिजेत, ते पण आले. दोन सॅम्पल न घेता सर्टिफिकेट देणारा कोणी भेटला तर तिथून निघून या.

इथपर्यंत सगळं छान. आता प्रोटीन.

पास झाल्यावर ऑफिसमधल्या मुलाने गुळगुळीत ब्रोशर पुढे केलं, 'प्रोटीन प्रोफाइल करा, गाभणाची खात्री मिळवा'. किंमत बेसिकच्या जवळपास तिप्पट. चुलतभावाला बाहेरचं एक गिऱ्हाईक दिसत होतं, त्याला कागद दाखवायचा होता, म्हणून केलं. सॅम्पल मशीनमध्ये जोरात फिरवून शुक्राणू आणि रेतातलं पाणी वेगळं करतात, पाणी बाहेरच्या लॅबला जातं, आणि बऱ्याच दिवसांनी (सांगितलेल्या तारखेच्या खूप नंतर, फोन करून करून) पीडीएफ येते. त्यात जेलचा (ज्यावर प्रोटीनं वेगवेगळी करतात तो थर) फोटो, निळे पट्टे, प्रत्येक पट्ट्यासमोर नाव आणि 'अ‍ॅडिक्वेट', 'हाय', 'लो'. बस. अर्थ काय, काय करायचं, एक ओळ नाही.

मी मॅडमकडे जाऊन बसलो तेव्हा अर्थ कळला, आणि विषय खरंच भारी आहे हो, सायन्सबद्दल माझी काही तक्रार नाही. घोड्याच्या रेतातल्या पाण्यात जी प्रोटीनं असतात त्यांची मुख्य नावं एचएसपी-१ ते एचएसपी-८. पहिली दोन मिळूनच सगळ्या प्रोटीनचा ७०-८० टक्के भाग. ती शुक्राणूच्या पडद्याला जाऊन चिकटतात. थोडा वेळ चिकटली तर शुक्राणू पुढच्या कामाला तयार होतो, पण जास्त वेळ त्याच पाण्यात पडून राहिला तर पडद्यातली चरबी निघत जाते आणि पडदा कच्चा होतो. निसर्गात तो पडून राहतच नाही ना, घोडा रेत थेट गर्भाशयातच सोडतो. पण आपण रेत थंड करून बॉक्समध्ये घालून नाशिकला पाठवणार असू तर ते पाणी त्याच्यासोबत ठेवणं धोक्याचं, म्हणून दूध पावडर आणि ग्लुकोजचं एक्सटेंडर घालून पातळ करतात किंवा फिरवून बहुतेक पाणी काढूनच टाकतात. म्हणजे हे प्रोटीन वाईट असं नाही, किती वेळ सोबत राहतं यावर सगळं आहे.

तिसरं, एचएसपी-३, त्याचं दुसरं नाव क्रिस्प-३, हे मला सगळ्यात आवडलं. रेत आत गेलं की घोडीचं शरीर त्याला परकं समजून पांढऱ्या पेशी सोडतं, गर्भाशयात साफसफाई सुरू होते. मेलेले शुक्राणू उचलले गेले तर चांगलंच आहे, पण जिवंत पण पकडले जाऊ शकतात. क्रिस्प-३ जिवंत शुक्राणूला त्या पेशींच्या तावडीतून वाचवतं, मेलेल्याला वाचवत नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हेरियन घोड्यांमध्ये याच प्रोटीनच्या जीनमधला फरक आणि घोडी धरायचं प्रमाण यांचा संबंध पण दिसलाय.

आणि हे आजचं नाही. १९९९ साली अमेरिकेत जॉर्जियाच्या लोकांनी घोड्यांच्या रेतातल्या प्रोटीनचे ठिपके जेलवर वेगवेगळे करून फर्टिलिटीशी ताडून बघितले होते. एक प्रोटीन चांगल्या घोड्यांत जास्त निघालं आणि दुसरी तीन जिथे जास्त तिथे फर्टिलिटी कमी. मग शुक्राणूच्या आतली प्रोटीनं वेगळीच. एक पीएलसी झीटा, शुक्राणू बीजात शिरल्यावर बीजाला जागं करतं, ते नसेल तर शुक्राणू पोचून पण काही घडत नाही. थरोब्रेडमध्ये (रेसच्या घोड्यांची जात) तर २०१२ ला एफकेबीपी-६ नावाचा जीन सापडला, त्याचा ठरावीक प्रकार आईबाप दोघांकडून आलेले घोडे मायक्रोस्कोपखाली एकदम पास, संख्या चांगली, चाल चांगली, पण घोड्या फार कमी धरतात, कारण शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी बीजाजवळ गेल्यावर उघडायला पाहिजे ती उघडत नाही. असा घोडा साध्या तपासणीत कधीच सापडणार नाही. त्याची टेस्ट केसाच्या मुळावरून होते, रेत पण लागत नाही, आणि ती या प्रोटीन पॅकेजमध्ये नाहीये! विचारल्यावर ऑफिसवाला म्हणतो सर ती वेगळी.

तर तक्रार काय? तक्रार ही की असा संबंध दिसणं आणि तुमच्या गोठ्यातल्या एका घोड्याबद्दल छातीठोक सांगता येणं यात फार अंतर आहे. मॅडमनी स्वतः कबूल केलं की त्यांच्या रिपोर्टमधलं हाय-लो हे परदेशी जातींच्या आकड्यांवरून ठरवलंय, मारवाडीच्या नाही. शिवाय याच घोड्याचं प्रोटीन सीझनप्रमाणे बदलतं, किती दिवसांनी सॅम्पल घेतलं त्यावर बदलतं, धारेचा पहिला भाग घेतला की शेवटचा त्यावर पण बदलतं. आमच्या घोड्याचं तुंबलेलं असताना हेच प्रोफाइल काढलं असतं तर अंडाकडचा माल आलाच नव्हता, रिपोर्टमध्ये भलतंच काहीतरी आलं असतं आणि आम्ही घोडा खच्ची करायला निघालो असतो. ऑफिसमध्ये मात्र पहिल्या दिवशीच पॅकेज गळ्यात मारायची घाई. एवढं सगळं केबिनच्या आत माहिती आहे तर ब्रोशरवर 'खात्री' शब्द कशाला?

अजून एक विरोधाभास, जो ऐकून मी पण गार झालो. ऑस्ट्रेलियात २०१४ ला असं दिसलं की जास्त फर्टाइल घोड्यांचे शुक्राणू बाटलीत उलट लवकर थकतात, कारण ते जोरात काम करतात आणि त्या कामात जो विषारी कचरा तयार होतो तो त्यांनाच मारतो. म्हणजे दोन तासांनी बाटली बघून कमी हलतायत म्हणून घोडा वाईट, असं पण छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. एकाच कागदावरून घोड्याचा भाव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बाजारात आता सर्टिफिकेट दाखवून चार पैसे जास्त सांगायची फॅशन आलीच आहे.

मग प्रोटीन टेस्ट कोणी करावी? माझ्या मते बेसिक दोनदा पास झालाय, घोड्या तरुण आणि तपासलेल्या आहेत, फळवायची वेळ सोनोग्राफीने धरलीये, आणि तरी उलटतायत, तर करा. किंवा रेत थंड करून बाहेर पाठवायचा धंदा करायचा असेल तर, पण त्याला पण आधी साधी टेस्ट आहे, थोडं रेत पाण्यासकट आणि थोडं पाणी काढून ५ डिग्रीला चोवीस तास ठेवून कुठलं जास्त जिवंत राहतं ते बघायचं. तेवढ्याने काम भागतं आणि ती टेस्ट सेंटरवाले बेसिकच्या रेटमध्येच करून देतात, फक्त तुम्ही मागितली पाहिजे. रेसवाल्या स्टडफार्मचं गणित वेगळं, थरोब्रेडला कृत्रिम रेतन चालतच नाही, अशा शिंगराची स्टडबुकात (जातिवंत घोड्यांच्या नोंदवहीत) नोंद होत नाही (ते स्टडबुकचं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे), त्यामुळे त्यांना एफकेबीपी-६ बघणं जास्त फायद्याचं.

बाकी किरकोळ. ट्रेलर वळवायला जागा भरपूर, पाण्याचा हौद स्वच्छ, सावली आहे. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये घोडा उन्हात शिजवू नका, पहाटे निघा. स्टाफ घोड्याशी चांगला वागतो, ओरडाआरडा नाही, ट्विच (घोडा गप्प उभा राहावा म्हणून आवळायची दोरी) कानाला लावत नाहीत. माणसांशी मात्र काउंटरवरचा मुलगा कोरडा, बिल आधी सांगत नाही, मसाज आणि ऑक्सिटोसिनचे पैसे शेवटी वेगळे लावले. पेमेंटला यूपीआय चालतं. बेसिक पूर्ण पॅकेज आपल्या एका चांगल्या घोड्याच्या फळवणीच्या फीपेक्षा कमी पडतं, त्या मानाने स्वस्तच म्हणायचं. रिपोर्ट इंग्रजीत, मराठीत मागितला तर तोंडी समजावतात. ग्लँडर्सचं (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) सॅम्पल पण त्याच फेरीत देऊन टाका, बाहेरच्या घोड्या येणार असतील तर लागतंच.

नंतर फळवलेल्या दोन घोड्यांची गेल्या पंधरवड्यात सोनोग्राफी झाली, एक धरलीये, दुसरी उलटली, आणि दुसरीचं वय अठरा आहे त्यामुळे आम्ही निवांत आहोत. तुम्हाला जायचं असेल तर मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळेच जागे होतात आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात जा, काही बिघाड निघालाच तर नवीन शुक्राणू तयार व्हायला लागणारे दोन महिने सीझनच्या आधी हातात राहतात. फोन दुपारी करा, सकाळी कोणी उचलत नाही, आणि मॅडमशीच बोलायचंय असं सांगा.